मिनारावरचा पिंपळ कुणी लावला?

पावसाळा सरला की जुन्या मशिदींची आणि मकबऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना एक काम हमखास निघते. मिनाराच्या, कमानीच्या, कठड्याच्या फटींतून वर आलेली पिंपळाची आणि वडाची रोपटी उपटून काढावी लागतात. राहून गेली तर मुळे आत शिरतात आणि चुन्याचे जुने बांधकाम फोडतात. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा नवी रोपटी हजर!

तिसरी-चौथीच्या वर्गात बियांचा प्रसार शिकवायला घेतला की मी फळ्यावर काही लिहीत नाही. एवढेच विचारते, ‘‘इतक्या उंचावर हे झाड कुणी लावले?’’ पहिले उत्तर बहुतेक वेळा ‘‘हवा ने, टीचर’’ असे येते, कारण पुस्तकातल्या यादीत वारा पहिला असतो. मग मी पिंपळाचे एक पिकलेले फळ चुरडून कागदावर ठेवते. वाटाण्याएवढ्या फळात बारीक बारीक पुष्कळ बिया. ना पंख, ना कापूस. ‘‘आता सांगा, मिनारावर कोण कोण बसते?’’ उत्तरांचा पाऊस पडतो. मैना, बुलबुल, कावळा, कोकीळ, रात्री वटवाघूळ. शेवटी कुणीतरी तोंडावर हात धरून हळूच म्हणते, ‘‘टीचर, बीट में से?’’ सगळा वर्ग हसतो, आणि धडा तिथेच सुरू होतो. पाखराने फळ खाल्ले, गर पचला, बी तशीच राहिली आणि विष्ठेबरोबर फटीत पडली. फटीत साचलेली चिमूटभर धूळ आणि पावसाचे पाणी तिला पुरले.

हा विषय प्राथमिक वर्गांत सगळीकडे शिकवला जातो. वाऱ्यामार्फत, पाण्यामार्फत, प्राणी व पक्ष्यांमार्फत, फळ फुटून आणि माणसामार्फत, असे पाच प्रकार मुले पाठ करतात. ‘जोड्या जुळवा’मध्ये रुईपुढे वारा आणि नारळापुढे पाणी लिहिले की पूर्ण गुण मिळतात. पण त्याच मुलाच्या हातावर अनोळखी बी ठेवली तर ते गप्प होते, कारण ती यादीत नसते. यादी आली, पण पाहणे आले नाही. खरे तर बियांचा धडा हा पाहून विचार करायला शिकवणारा धडा आहे आणि त्याचे सगळे साहित्य आपल्या अंगणात, स्वयंपाकघरात, कब्रस्तानाच्या कुंपणावर फुकट मिळते. म्हणून हा लेख शिक्षकांइतकाच घरातल्या अम्मी-अब्बूंसाठी आणि दादी-नानींसाठी आहे.

आधी ‘का’, मग ‘कसे’

बी दूर कशी जाते, हे आपण लगेच सांगू लागतो. पण तिने दूर जायचेच कशाला? हा प्रश्न आधी यायला हवा. त्याचे उत्तर मेथीचे दाणे देतात.

दोन सारखे डबे घ्या. तळाला छिद्रे पाडून सारखी माती भरा. एका डब्यात मेथीचे दहा दाणे दूर दूर पेरा, दुसऱ्यात तेवढ्याच जागेत मूठभर दाणे टाका. दोन्हींना सारखे ऊन, सारखे पाणी. चार-पाच दिवसांत दोन्ही डबे हिरवे होतात. गर्दीचा डबा तर जास्तच हिरवा दिसतो आणि मुले त्यालाच जिंकलेला मानतात. त्यांना मानू द्यावे. दोन-तीन आठवड्यांनी चित्र पालटते. दहा दाण्यांची रोपे जाड देठाची, रुंद पानांची होतात. गर्दीतली रोपे लांबट, बारीक, पिवळट राहतात, एकमेकांवर कलंडतात, काही तर मुळाशी कुजतात. माती, पाणी, ऊन सगळे तेवढेच. खाणारी तोंडे मात्र जास्त.

आता मुलांना चिंचेच्या झाडाखाली न्यावे. मोठ्या झाडाच्या दाट सावलीत त्याच्याच सगळ्या बिया पडल्या आणि तिथेच उगवल्या तर काय होईल? मुले स्वतःच सांगतात, ‘‘मेथीच्या डब्यासारखे होईल.’’ आईच्याच सावलीत लेकरे ऊन-पाण्यासाठी भांडतील. शिवाय झाडाला लागलेली कीड आणि रोगही जवळच्या रोपांपर्यंत लवकर पोहोचतात. म्हणून लांब पडलेल्या बीला जगण्याची संधी जास्त. एवढे कळले की पुढचे पाच प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

बी पाहा, प्रवास ओळखा

कुदरतीने प्रत्येक बीच्या अंगावरच तिच्या प्रवासाची खूण ठेवली आहे. ती वाचायला शिकणे हाच या धड्याचा गाभा.

रुईचे बोंड वाळून उकलले की चपट्या तपकिरी बीच्या टोकाला रेशमी झुबका दिसतो. मुले तिला ‘म्हातारी’ म्हणत फुंकरीने उडवत राहतात. सावरीच्या बोंडातला कापूस उन्हाळ्यात गल्लीभर उडतो आणि त्यात मिरीएवढी काळी बी लपलेली असते. शेवग्याची शेंग झाडावरच वाळू दिली तर आतल्या गोल बीला तीन पातळ पंख असतात. ज्या शेंगा आपण आमटीत टाकतो, त्यांच्यात ही उडणारी बी होती, हे ऐकून मुलांइतक्याच आयाही चकित होतात. वावळाच्या झाडाखाली उन्हाळ्याच्या तोंडी कागदी चकत्यांचा सडा पडतो. प्रत्येक चकतीच्या मध्ये एक बी. अशा बिया हलक्या असतात, किंवा त्यांचे पंख त्यांना खाली पडायला उशीर लावतात. जितका वेळ हवेत, तितके अंतर जास्त.

आघाडा, सराटा आणि कुसळी गवत यांची गोष्ट वेगळी. ती दुसऱ्याच्या पाठीवर बसून जातात. आघाड्याची उलटी टोकदार फळे सलवारीच्या पायरीला अशी चिकटतात की एकेक वेचून काढावी लागतात. सराटा, म्हणजेच गोखरू, चपलेच्या तळव्यात रुततो. याच चिकटण्यातून एक शोध लागला. १९४१ साली स्वित्झर्लंडचे अभियंता जॉर्ज द मेस्त्राल कुत्र्याला घेऊन फिरून आले, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटली होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. टोकांना बारीक आकडे दिसले. त्यावरून आकडे आणि वेटोळी यांची पट्टी तयार झाली आणि १९५५ मध्ये तिचे पेटंट मिळाले. मुलांच्या बुटांवर आणि दप्तरांवर चर्रकन उघडणारी जी वेल्क्रोची पट्टी असते, ती हीच. वर्गात एकदा बूट उघडून दाखवले की आघाडा कोणी विसरत नाही.

नारळाचे सोडण, म्हणजे बाहेरचा तंतूंचा जाड थर, हवा धरून ठेवतो आणि नारळ तरंगतो. करंजाच्या वाळलेल्या शेंगाही पाण्यावर वाहत जातात. ओढ्याकाठी, नदीकाठी करंज इतके का, याचे एक उत्तर त्यात आहे. तेरड्याची, म्हणजे आपल्या गुलमेहंदीची पिकलेली बोंडी बोट लावताच फटकन फुटते, तिच्या कडा गुंडाळतात आणि बिया दूर उडतात. मुगा-उडदाच्या वाळलेल्या शेंगाही उन्हात तडकतात. म्हणून शेतकरी त्यांची तोडणी सकाळी, शेंगा दवाने नरम असताना करतात. शेतात राबणाऱ्या घरांतल्या मुलांना हे आधीच ठाऊक असते. त्यालाच पुस्तकात ‘फुटून होणारा प्रसार’ म्हणतात, एवढे फक्त त्यांना सांगायचे राहिलेले असते.

एक गोष्ट मुलांच्या मनात ठसवावी. एका बीचा एकच मार्ग, असे नसते. एरंडाचे बोंड तडकते आणि बी जवळपास पडते; मग तिच्या टोकावरच्या मऊ गाठीसाठी मुंग्या तिला ओढत नेतात. नारळ पाण्याने जातो, पण माणसाने त्याला कितीतरी दूर नेले आहे. ‘जोड्या जुळवा’च्या दोन रांगांत हे बसत नाही, आणि नाही बसले तरी चालते.

घरात दडलेले उत्तर

आपल्या बऱ्याच मुलांची अडचण बुद्धीची नसते, शब्दांची असते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाहेर मराठी. उर्दू पुस्तकातला ‘बीजों का इंतेशार’ हा शब्द मुलाने ऐकलेला असतो तो गोंधळ, बेबनाव या अर्थाने. मराठीतला ‘प्रसार’ त्याला जाहिरातीचा वाटतो. म्हणून पहिले दोन दिवस मी एकही व्याख्या सांगत नाही. ‘बिखरना’, ‘फैलना’, ‘पसरणे’, ज्याला जो शब्द येतो तो चालतो. पाहणे झाले की पुस्तकातला शब्द फळ्यावर येतो, आणि तेव्हा तो जड वाटत नाही.

एके वर्षी वर्गात एक मुलगी होती. सहामाहीपर्यंत तिने आपणहून तोंड उघडले नव्हते. प्रश्न विचारला की मान खाली. प्राण्यांमार्फत होणाऱ्या प्रसाराचे उदाहरण विचारले तेव्हा पुस्तकातली नावे येऊन गेली. मग तिने हात वर केला. ‘‘टीचर, हमारे घर में बकऱ्यां है ना, उनकू बबूल की फल्ली डालते. बाद में लेंडी में से बीजां निकलते, वैसेच के वैसेच. मेरी दादी वो बीजां बाड़ पे डालती, वहाँ झाडां उगे.’’

पुस्तकात नसलेले आणि पूर्ण बरोबर असलेले उत्तर! शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. शेंग पचते, टणक कवचाची बी बाहेर पडते आणि लेंडीचे खतही बरोबरच मिळते. वेडी बाभूळ माळरानावर इतकी माजली, त्यात या चरणाऱ्या जनावरांचा मोठा वाटा आहे. मुलीच्या दादीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण कुंपण कसे उगवायचे हे येत होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने कागदाच्या पुडीत त्या बिया आणल्या. पुढचे काही दिवस वर्गात तीच सगळ्यांना समजावून सांगत होती.

अशा दादी, नाना, शेळ्या पाळणारे चाचा, भाजीची गाडी लावणारे मामू आपल्या घराघरांत आहेत. मुलांनी त्यांना विचारावे: मोरीच्या पाण्यावर पपई आणि टोमॅटो आपोआप कसे उगवतात? विजेच्या तारांखाली कडुनिंबाची रोपे का दिसतात? तारेवर बसून निंबोळ्या खाणाऱ्या पाखरांकडे एकदा पाहिले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

माणसाने नेलेल्या बिया

माणूस हा बियांचा सर्वांत लांबचा वाहक आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली मिरची मूळची अमेरिका खंडातली. पेरू, पपई, सीताफळ हीसुद्धा तिकडचीच. पोर्तुगिजांच्या समुद्री व्यापारातून यांतले बरेच काही आपल्याकडे आले. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण आपल्याकडे ती इतकी जुनी की अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानची खजूर, असे नाव दिले आणि इंग्रजीतले ‘टॅमरिंड’ त्यावरूनच आले. कॉफीबद्दल अशी आख्यायिका आहे की १७ व्या शतकात बाबा बुडन या सूफी बुजुर्गांनी हजच्या सफरीवरून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात रुजवल्या. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

माणूस नको असलेली बीही नेतो. गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर पडीक जमिनीवर फोफावले आहे. परदेशातून आलेल्या धान्यात मिसळून ते आले, असे मानले जाते. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात; वारा, पाणी आणि गाड्यांची चाके त्या पुढे नेतात. बी पसरणे नेहमीच भल्याचे असते असे नाही, हेही मुलांना यातून कळते.

सुट्टीत करून पाहण्यासारखे

मोज्यांची सफर : पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की मुलांच्या बुटांवरून अब्बूंचे जुने लोकरी मोजे चढवा आणि त्यांना माळावर, शेताच्या बांधावर पंधरा मिनिटे फिरवा. परत आल्यावर कागद पसरून मोज्यांना चिकटलेल्या बिया वेचा आणि आकारानुसार ढीग करा. एक मोजा तसाच ओल्या मातीत पुरून रोज पाणी द्या. काही दिवसांत मोज्यातून काय काय उगवते ते मोजा.

बादलीची परीक्षा : बादलीभर पाणी घ्या. सोडणासकट नारळ, करंजाची शेंग, चिंचोका, खजुराची बी, शेवग्याची बी, जे मिळेल ते ठेवा. पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक मुलाने ‘तरंगेल’ किंवा ‘बुडेल’ असे वहीत लिहायचे, मग पाहायचे. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी जे दिसले ते लिहायचे.

कागदाची भिंगरी : वहीच्या कागदाची एक लांब पट्टी घ्या. वरची अर्धी पट्टी मधोमध उभी कापून दोन भाग उलट दिशांना वाकवा आणि खालच्या टोकाला टाचणीऐवजी कागदाची क्लिप लावा. हे पंखाचे बी झाले. तेवढाच कागद चुरगाळून त्यालाही क्लिप लावा. मोठ्या माणसाने जिन्यावरून दोन्ही एकदम सोडावीत. आधी कोण पडले? पंख आखूड केले तर?

शेवटी मुलांसमोर एक चिंचोका ठेवा. जड, गुळगुळीत, ना पंख ना काटा, पाण्यात बुडणारा. हा झाडापासून दूर कसा जातो? उत्तर चिंचोक्यात नाही, त्याच्याभोवतीच्या आंबट-गोड गरात आहे. माकडे आणि मुले गर चोखतात आणि चिंचोका भलतीकडे थुंकतात. ज्या मुलाने हे स्वतः शोधले, त्याला धडा कळला. मग व्याख्येतला एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही.

सावधगिरी

बिया गोळा करायला मुलांना एकटे पाठवू नका. रुईचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते, म्हणून बोंड वाळून आपोआप उकलल्यावरच हात लावावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. एरंडाच्या बिया, लाल-काळी गुंज आणि धोतऱ्याचे काटेरी फळ ही तिन्ही विषारी आहेत. दिसायला सुंदर असल्याने लहान मुले ती तोंडात घालतात. ती मोठ्यांनी दाखवावीत, मुलांच्या खिशात राहू देऊ नयेत. गाजर गवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि दमाही वाढतो, तेव्हा ते दुरूनच दाखवावे. घरात तान्हे मूल असेल तर जमवलेल्या बिया झाकणाच्या बरणीत उंचावर ठेवाव्यात. बारीक दाणे नाका-कानात जातात.

अम्मींना एक विनंती

मूल सलवार-कमीझभर आघाडा लावून आले की ओरडावेसे वाटते. धुणे आपल्यालाच करायचे असते. तरी त्या दिवशी दोन मिनिटे त्याच्याजवळ बसून एक आकडा डोळ्यांजवळ धरून पाहावा. खिशातून बाहेर पडलेली ‘कचरापट्टी’ केराच्या डब्यात टाकण्याआधी ‘हे कुठून आणलेस?’ एवढे विचारावे. उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, चल पाहू’ असे म्हणायला संकोच करू नये. मूल चौथीपर्यंत प्रश्न विचारते ते टिकवणे शाळेच्या एकटीच्या हातात नसते.

मोसमानुसार पाहायचे ठरवले तर वर्षभर काही ना काही मिळते. पावसाळ्याच्या अखेरीस गुलमेहंदीची बोंडे, हिवाळ्यात आघाडा आणि कुसळ, उन्हाळ्यात वावळ, सावर आणि रुई, आणि मृगाच्या आगेमागे निंबोळ्या.

रमजानमध्ये तर प्रत्येक घरात बिया जमतात. इफ्तारनंतर खजुराच्या दहा बिया धुऊन दोन दिवस भिजवा आणि कुंडीत पेरा. कोंब यायला काही आठवडे लागतात, कधी महिना-दोन महिनेही, तेव्हा मुलाने तारीख लिहून ठेवावी. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे उगवलेले रोप फळ देईल की नाही हे लवकर कळत नाही. बागायतदार म्हणूनच बीऐवजी मादी झाडाच्या बुंध्याला फुटलेले फुटवे लावतात. आणि वाट पाहून मुलाचा धीर सुटू लागला तर त्याला हे सांगा: मृत समुद्राजवळच्या मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात १९६० च्या दशकात खजुराच्या जुन्या बिया सापडल्या होत्या. त्यांतली एक बी २००५ मध्ये पेरली गेली आणि रुजली. तिचे वय सुमारे २००० वर्षे होते.